मखर उतरवतानाच निवडा!

गौरी-गणपती गेले की मखर सुटं होतं आणि ‘पुढच्या वर्षी लागेल’ म्हणत सगळंच माळ्यावर चढतं. निवडानिवड करायची ती याच वेळी.

विजेच्या माळा आधी लावून बघाव्यात. जुन्या माळांतले बारीक दिवे सिरीजमध्ये जोडलेले असतात. एक निखळला की अख्खा पट्टा बंद. चालू माळ पुठ्ठ्याला गुंडाळली तर गुंता होत नाही. सेलवरच्या पणत्यांतले सेल काढावेतच. पडून राहिले की ते गळतात आणि आतल्या पट्ट्यांवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड चढते.

कापडी झालरी? खुशाल ठेवाव्यात, पण कोरड्या करून.

थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. तरी माळ्यावर जुनं मखर निघालंच, तर ते जाळू नका, नदीतही सोडू नका. सुक्या कचऱ्यात द्या.