वावडिंगाची पुडी आणि गोळी

मागे सोयरीकीच्या कामाने आंबेनळी घाट उतरून आम्ही पोलादपूर-महाडकडे गेलो होतो. पाहुण्यांच्या चुलीवर तान्ह्या बाळासाठी वावडिंगाचे पाणी उकळत होते. आजी म्हणाली, "जंत होत नाहीत, साहेब."

आजीचे बोलणे वाऱ्यावरचे नव्हे. वावडिंग म्हणजे चरकसंहितेतले विडंग; कृमिघ्न औषधांत त्याची गणना आहे. त्यात एम्बेलिन असते. पळसाच्या बियांतही जंतांवर चालणारे द्रव्य सापडले आहे. मात्र बाजारात वावडिंग म्हणून बहुधा त्याच्याच भावकीतल्या दुसऱ्या वनस्पतीची फळे मिळतात. पुडीत द्रव्य किती, कोण मोजतो? गरोदर बाईने तर ते घेऊच नये.

आणि हुकवर्म काही पुडीने हटायचा नाही. तो ओल्या, घाण झालेल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो. पोर पांढरेफटक पडते. भाताच्या खाचरात तेच, आपल्या उसाच्या फडातही तेच.

२०१५ पासून शाळा-अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धी. टोळीतल्या पोरांची ती हुकते, कारण त्या दिवशी ती ना गावच्या शाळेत असतात, ना इथल्या. मुकादमांनी कोपीवरच्या मुलांची नावे अंगणवाडीताईंकडे द्यावीत. शेतकी गटातील आमची माणसे यादी लिहून देतील.