यकृताचे वाटप आणि आयुष्याचे भाकीत

वस्तू थोडी व गरजू पुष्कळ असले, तर ती कोणाला द्यावी, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न होय. मृत दात्याकडून मिळालेल्या यकृताच्या बाबतीत तो फार निर्दय रूप धारण करतो. कारण एकाला दिले की दुसऱ्याला थांबावे लागते.

या वाटपासाठी अमेरिकेने 2002 साली ‘मेल्ड’ हा गुणांक स्वीकारला. रक्तातील बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याची गती यांवरून 6 ते 40 असा आकडा निघे. पुढे त्यात सोडियमचीही भर पडली. प्रत्यारोपण न झाल्यास तीन महिन्यांत मृत्यूचा धोका किती, हे तो बऱ्यापैकी सांगतो. प्रत्यारोपणानंतर रुग्ण किती जगेल, हे सांगण्यास मात्र तो अपुरा पडतो. दात्याचे वय, यकृत शरीराबाहेर किती तास राहिले, नंतरची शुश्रूषा कशी झाली, यांपैकी काहीच त्यात नसते.

ब्रिटनने 2018 साली प्रत्यारोपणामुळे आयुष्य किती वाढेल, याचा हिशेब वाटपात आणला. तो हिशेब पाचच वर्षांचा होता. पंचविशीतल्या रुग्णाची त्यापुढची वर्षे त्यात धरली गेली नाहीत आणि तरुण मागे पडतात, अशी टीका झाली.

आता पालघर जिल्ह्यातील केळव्याच्या एखाद्या वाडीत राबणाऱ्या रुग्णाचा विचार करावा. प्रत्यारोपणानंतर त्याला जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागणार व त्यांची रक्तातील पातळी वरचेवर तपासावी लागणार. त्यासाठी मुंबईची खेप, बुडालेली मजुरी आणि दरमहा औषधांचा खर्च आलाच. औषधात खंड पडला, तर शरीर नवे यकृत नाकारू शकते.

मग अंतर आणि गरिबीही गुणांकात धरावी काय? धरल्यास भाकीत कदाचित अधिक अचूक ठरेल; पण केळव्याचा माणूस यादीत आणखी खाली जाईल. परिस्थितीने केलेल्या अन्यायावर गणिताचा शिक्का बसेल.

म्हणून असे भाकीत यकृत नाकारण्यासाठी नव्हे, मदत कोठे हवी हे ओळखण्यासाठी वापरले पाहिजे. पालघरला रक्त तपासून मिळाले आणि औषधे परवडणाऱ्या दरात नियमित हाती पडली, तर याच रुग्णाचे भाकीत बदलू शकते. यकृत मिळणे दुर्मिळ आहे. ही सोय करणे तितके अवघड नाही.