मुळशीचा 'भाई' कसा घडतो?

गुन्हेगार जन्मतो की घडविला जातो, हा प्रश्न आपल्या समाजात सर्वांच्या बाबतीत सारखा विचारला जात नाही. प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' ह्या २०१८ च्या चित्रपटाने तो एका शेतकऱ्याच्या पोराबाबत विचारला, हे चांगलेच झाले. त्यातला सखा पाटील जमीन विकतो, आलेला पैसा उडून जातो आणि तो पहारेकऱ्याची नोकरी धरतो. ती सुटल्यावर पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली करतो. त्याचा मुलगा राहुल हाणामारीतून तुरुंगात, तुरुंगातून टोळीत जातो, 'भाई' होतो आणि शेवटी मारला जातो. तो निरपराध नाही. तो माणसे मारतो, दहशत बसवतो आणि बापाच्याही मनातून उतरतो. तरीही प्रेक्षक त्याचे 'का' समजून घेतो. हे 'का' पडद्याबाहेर तपासले पाहिजे.

मुळशीची जमीन पहिल्यांदा गेली ती १९९० नंतर नव्हे. टाटा कंपनीच्या धरणासाठी मुळा नदीचे खोरे बुडणार होते. त्याविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते. लढा तीन वर्षे चालला, पण धरण झाले आणि वीज मुंबईकडे गेली. त्या लढ्यात एक फूट पडली होती, ती विसरता कामा नये. बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावे झाल्या होत्या. त्यांना मोबदला हवा होता. कसणाऱ्याला जमीन हवी होती. ज्याचे नाव कागदावर, त्याच्या हाती पैसा, हा मुळशीचा धडा शंभर वर्षांचा जुना आहे.

दुसरी लाट १९९० नंतर आली. हिंजवडीत औद्योगिक महामंडळाने संगणक उद्योगांची वसाहत उभारली, पिरंगुटला कारखाने वाढले, भूगाव-बावधनकडे इमारती सरकल्या, मोसे खोऱ्यात लवासाचे शहर निघाले. जमिनीला भाव आला आणि त्याबरोबर एक नवे कामही जन्माला आले. सातबाऱ्यावर भाऊ, बहिणी, चुलते अशी अनेक नावे असतात. बिल्डरला सही हवी असते आणि ताबाही हवा असतो. अडून बसलेल्या चुलत्याला 'समजावणे', कूळ हुसकावणे, रातोरात कुंपण घालणे ही कामे बिल्डर स्वतः करीत नाही. ती करायला गावचाच पोरगा लागतो. त्याला वाटा माहीत असतात, नाती माहीत असतात आणि भीती कुठे बसते तेही माहीत असते. पुढे मुरूम-खडीचा पुरवठा, पाण्याचे टँकर, कारखान्यातले भंगार, मजुरांचा ठेका हे सारे 'माझ्याच माणसाला' मिळाले पाहिजे, असा दम सुरू होतो. येथे गुंडगिरी हा जमीन-व्यवहाराचा एक विभागच बनते.

ह्या विभागात शिरलेल्याला राजीनामा देता येत नाही. काल ज्याच्यासाठी कुंपण तोडले, तो आज ओळख दाखवीत नाही. १९९९ चा 'मोक्का' कायदा लागला की जामीन मिळणे कठीण होते, वकिलासाठी पैसा लागतो आणि त्या पैशासाठी पुन्हा खंडणी. प्रतिस्पर्ध्याइतकीच भीती स्वतःच्या पोरांची असते. ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडमध्ये मुळशीचा टोळीप्रमुख शरद मोहोळ याला भरदिवसा गोळ्या घालण्यात आल्या. गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून पकडलेला तरुण त्याच्याच सोबत वावरणारा होता. ह्या धंद्यात जगून राहणे म्हणजे पुढचा वार कोणाकडून येणार ह्याचा अदमास घेत राहणे.

वर्गातल्या मुलांशी ह्या चित्रपटाविषयी बोलताना मला जाणवते, की त्यांना भाईचे संवाद पाठ असतात, बापाची हमाली आठवावी लागते. दोष मुलांचा नाही. नोकरी नसलेल्या तरुणाला भाईच्या मागेपुढे चालणारी माणसे दिसतात, कोर्टाच्या तारखा दिसत नाहीत.

पण माझा मुख्य मुद्दा पुढेच आहे. सखा पाटलाजवळ विकायला जमीन तरी होती. त्याच बांधावर राबणाऱ्या भूमिहीन मजुराचे काय? शेत विकले तेव्हा त्याची रोजी गेली, मोबदला दुसऱ्याला मिळाला. डोंगरातल्या कातकऱ्याच्या झोपडीखालची जमीनही बहुधा दुसऱ्याच्याच नावावर असते. महारवतनाच्या जमिनी १९५८ च्या कायद्यानंतर नव्या शर्तीवर परत मिळाल्या. त्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत आणि म्हणूनच त्यांच्याभोवती दलालांची वर्दळ असते. ह्या माणसांच्या उद्ध्वस्तपणाला 'पॅटर्न' म्हणून कोणी नाव दिलेले नाही.

उलट, त्यांच्यापैकी कोणाचा पोर चोरीत सापडला तर 'ही जातच तशी' म्हणून विषय संपतो. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो १९५२ साली रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पोलीस आजही आधी पालावर जातात. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'ने (१९५९) उपाशी माणसांसाठी लूट करणाऱ्या मांगाला माणूस म्हणून उभे केले. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने (१९८७) चोरीवर जगायला भाग पाडलेल्या जमातीचे 'का' तिच्याच तोंडून सांगितले. जमीनदार शेतकऱ्याच्या पोराबाबत जो प्रश्न २०१८ साली मराठी प्रेक्षकाने सहानुभूतीने ऐकला, तो दलित साहित्य त्याच्या कितीतरी आधीपासून विचारीत होते.

ह्याचा अर्थ राहुलवरची सहानुभूती काढून घ्यावी असा नाही. ती बांधाच्या अलीकडे थांबू नये, एवढेच म्हणणे आहे. कारण समजून घेणे म्हणजे खुनाला माफी देणेही नव्हे. ज्याला भाईने हुसकावले तो कूळही माणूसच आहे, आणि बहुतेक वेळा तो आपल्यातलाच असतो. म्हणून गावात काम करणाऱ्यांनी टोळ्यांच्या कहाण्यांपेक्षा जमिनीचे कागद आधी पाहावेत. सातबारा आणि फेरफार वाचायला मुलांना शिकवावे. जमीन विकली जात असेल तेव्हा तिच्यावर कोण राबत होते आणि त्याच्या हाती काय पडले, हे ग्रामसभेत मोठ्याने विचारावे. सही घ्यायला पोरगा पाठवला गेला असेल, तर त्याला कोणी पाठवले, हेही विचारावे.