इंजिनचा नंबर वाचताना

मित्रहो, आज धर्मापुरीत आहोत, तर इथल्या केदारेश्वर मंदिरापासूनच सुरुवात करू. जुना शिलालेख वाचणारे अभ्यासक आधी त्याचा कागदावर ठसा घेतात. जुन्या बुलेटच्या किंवा राजदूतच्या इंजिनाचं आम्हीही तेच करतो. क्रँककेसवरच्या नंबरावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. आरटीओत चेसीसचा ठसा घेतात ना, तसाच.

पुष्कळजण इथंच थांबतात. ठसा आरसी बुकाशी जुळला, झालं! अहो, खोटा नंबर मारणारासुद्धा आरसीत बघूनच मारतो. म्हणून आम्ही अंकांपेक्षा आजूबाजूची जागा जास्त बघतो. तिथं कानशीचे ओरखडे आहेत का? तेवढाच भाग खोलगट किंवा गुळगुळीत आहे का? एकच अंक दोनदा आला असेल, तर दोन्ही ठिकाणी पंच एकच वाटतो का? ओळ जराशी वाकडी असली म्हणून लगेच घाबरू नका. हातानं मारलेले अंक थोडे वाकडे येतातच.

घासलेला नंबर पुरता जातोच असं नाही. ठोक्यानं खालचा धातूही दबलेला असतो, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावल्यावर तो पुष्कळदा पुन्हा दिसतो. त्यामुळं विकण्याआधी गाडी चकचकीत करायला सँडब्लास्टिंगला देऊ नका.

फुटलेली क्रँककेस बदलली असेल तर ती चोरी नव्हे, पण नोंद आरसीवर हवी. 2021 च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते, इंजिनातला मोठा बदल चालत नाही.

तेव्हा गोठ्यातली गाडी बाहेर काढली की आधी फोटो, मग डिझेलचा फडका, मग ठसा.