गाडी बंद पडली? आधी हात आवरा!



आज खताविषयी किंवा किडीविषयी लिहीत नाही. आज लिहितो ते मोटारीतल्या एका रबरी पट्ट्याविषयी. हल्ली वाड्या-वस्त्यांवरही ट्रॅक्टरशेजारी एखादी जुनी मोटार उभी दिसते. दवाखाना, बाजार, लग्नकार्य यांसाठी ती उपयोगी पडते. मीही अशीच एक जुनी डिझेल गाडी घेतली होती. तिने मला जो धडा महागात शिकवला, तो तुम्हाला फुकटात मिळावा म्हणून हा लेख.

एका गावी हरभऱ्याच्या शेतावर बैठक होती. ओढ्याचा चढ चढून गाडी वर आली आणि कुणी चावी काढून घ्यावी तशी एकाएकी बंद झाली. सेल्फ मारला, तर तो नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरला. पण इंजिन काही लागेना. शेजारच्या रानातून चौघे धावत आले. "साहेब, बसा आत, धक्का मारतो!" धक्क्याने भागेना, तेव्हा एकाने ट्रॅक्टर आणून दोर बांधला. मी दुसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. आतून खडखडाट झाला आणि चाके घसपटत थांबली.

पुढे मिस्त्रीने हेड उतरवून वाकडे झालेले व्हॉल्व्ह माझ्या हातावर ठेवले. म्हणाला, "पट्टा तुटला तेव्हा किती वाकले ते देव जाणे, पण उरलेले तुम्ही दोराने ओढून वाकवलेत." मदतीला आलेल्यांची माया खरी होती. चूक माझी होती.

हा पट्टा करतो काय?

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, तो पिस्टन वरखाली करतो. वर कॅमशाफ्ट असतो, तो हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हायला हवा. हा मेळ राखणारा दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. तो तुटला की कॅमशाफ्ट जागीच थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि खालून वेगात येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळू शकतो. डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांत जागा फार थोडी असते, म्हणून तेथे धोका अधिक. काही पेट्रोल इंजिनांत मात्र ते एकमेकांना लागत नाहीत. नवा पट्टा घातला की गाडी पुन्हा चालते. पण आपले इंजिन कोणत्या जातीचे, हे रस्त्यावर उभे राहून कळत नाही. म्हणून धोका आहे असेच धरून चालावे.

आपल्या ट्रॅक्टरच्या इंजिनात हे काम सहसा लोखंडी दातेरी चाके करतात. म्हणून ट्रॅक्टर ओढून चालू करण्याची आपली सवय मोटारीला लावली, की घात होतो.

खुणा कोणत्या?

टायमिंग बेल्ट तुटला की चालते इंजिन एकदम बंद होते आणि सेल्फ मारल्यास ते ओझे नसल्यासारखे भरभर फिरते. फॅनबेल्ट तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो, काही गाड्यांत इंजिन तापू लागते. पण ते असे एकाएकी बंद पडत नाही. हा फरक ध्यानात ठेवा.

रस्त्यावर काय करावे?

गाडी धावत असताना इंजिन बंद पडले तर ब्रेक पुन्हापुन्हा दाबू नका. एक-दोन वेळा दाबल्यावर तो कडक होतो. एकदाच दाबून धरा आणि गाडी कडेला घ्या. स्टेअरिंग जड लागेल, पण गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका. काढली तर स्टेअरिंग अडकते. हँडब्रेक ओढा, चारही इंडिकेटर लावा, मुलाबाळांना रस्त्यापासून दूर उभे करा.

त्यानंतर पुन्हा सेल्फ नको, गिअरमध्ये धक्का नको, ट्रॅक्टरने ओढून चालू करणे तर मुळीच नको. गाडी टेम्पोत चढवून नेणे सर्वांत चांगले. ओढूनच न्यायची झाली तर गिअर न्यूट्रलला ठेवा, चावी फिरवून स्टेअरिंग मोकळे ठेवा आणि अगदी हळू चाला.

मिस्त्रीकडे गेल्यावर

आधी पट्ट्याचे झाकण काढून पट्टा खरोखर तुटला आहे का, ते पाहायला सांगा. नवा पट्टा बसवताना दोन्ही पुल्यांवरच्या खुणा जुळवाव्या लागतात. मग सेल्फ न मारता पान्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात. मध्येच अडले तर जोर लावू नये. पुढे प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. एखाद्यात फारच कमी भरले तर हेड उतरवावे लागते.

पट्ट्याबरोबर टेन्शनरही बदला. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही तपासून घ्या, कारण तो अडकला तर नवा पट्टाही जातो. ऑइल सील गळत असेल तर तेलाने रबर लवकर कुजते.

वेळेआधीच बदला

१९८३ साली आलेली मारुती ८००, १९९८ साली आलेली डिझेल इंडिका, जुनी सँट्रो या गाड्यांत पट्टाच आहे. पुढे आलेल्या काही गाड्यांत, उदाहरणार्थ डिझेल स्विफ्टमध्ये, साखळी आहे. आपल्या गाडीत काय आहे हे मिस्त्रीला विचारा. पट्टा किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. त्यांपैकी जे आधी भरेल ते खरे. गाडी नुसती गोठ्याशेजारी उभी असली तरी रबर जुने होतेच. शिवाय उंदरांचा उपद्रव आहेच.

जुनी गाडी घेताना मीटरच्या आकड्यावर विसंबू नका. पट्टा बदलल्याची पावती मालक दाखवू शकला नाही, तर तो बदललेलाच नाही असे धरा आणि तो खर्च किमतीत धरून सौदा करा. मी हेच केले नाही. पट्टा बदलण्यापेक्षा हेडचे काम मला कितीतरी पट महाग पडले.

आम्ही मंडळी तुम्हाला सांगतो की बीजप्रक्रिया पेरणीआधी करा, रोग दिसल्यावर नव्हे. घरच्या गाडीच्या बाबतीत मात्र मी स्वतःच ते विसरलो. तेव्हा एवढे करा: मुलांच्या लसीच्या आणि जनावरांच्या टोचणीच्या तारखा ज्या वहीत लिहिता, त्याच वहीत पट्टा बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. ती जागा कोरी राहत असेल, तर या आठवडी बाजारालाच गाडी मिस्त्रीच्या दारात उभी करा.