दारचा माड आणि आपली थंडी



गळिताचा हंगाम ऐन भरात असतो, पहाटे तोडणीच्या टोळ्या शेकोटीभोवती हात शेकत बसलेल्या असतात, आणि त्याच दिवसांत निफाडच्या पाऱ्याची बातमी पेपरात येते. थंडीत सुरू उसाचे डोळे उशिरा उगवतात, द्राक्षवाले रात्ररात्र जागून बागेत धूर करतात, हे आपणा सर्वांना पाठ आहे. पण घराच्या अंगणात हौसेने लावलेल्या माडाचे, सुपारीचे या थंडीत काय होते, याचा विचार आपण करीत नाही. आम्हीही केला नव्हता.

आमच्या सौ.चे माहेर अलिबागकडचे. नवे घर बांधले तेव्हा सासूबाईंनी बाणवली नारळाची दोन कोंब आलेली रोपे आणि सुपारीची पाच रोपे एस.टी.तून पाठवली. २०१३ च्या पावसाळ्यात माड फाटकाच्या दोन बाजूंना लावले आणि सुपारी ओढ्याकडच्या कुंपणाने. पाच वर्षांत झावळ्या पडवीच्या पत्र्यावर टेकल्या. येणारा-जाणारा थांबून बघायचा. आमची छाती फुगायची, हे कबूल केले पाहिजे.

२०१८ च्या डिसेंबरअखेरीस निफाडचा पारा दोन अंशांच्या आत गेला. सकाळी घासावरचे दव गोठून पांढरे झालेले. चार-पाच दिवसांत सुपारी उकडल्यासारखी काळवंडली, ती गेलीच. माडांच्या झावळ्या आधी पिवळ्या, मग तपकिरी झाल्या. जानेवारी संपता संपता आम्ही कुऱ्हाड काढली. सौ. म्हणाल्या, "अहो, पावसाळ्यापर्यंत थांबा. जिवंत असला तर?" आम्ही ऐकले नाही. ओढ्याकडचा माड पाडला. आत गाभा बघितला तर पांढराशुभ्र, कोवळा, ओला. माड जिवंत होता. दुसऱ्याला मग हात लावला नाही. जूनमध्ये त्याचा नवा पोंगा वर आला.

आता पोंग्याची गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण आपल्या उसाच्या अनुभवावरून आपण इथेच फसतो. उसात खोडकिडीने पोंगेमर झाली तरी बुडातून फुटवे येतात, बेट उभे राहते. माडाला फुटवा नाही. सारे झाड शेंड्यातल्या एका कोंबावर जगते. तो मेला तर झाड गेले, आणि तो जिवंत असेल तर बाहेरची प्रत्येक झावळी करपली तरी झाड परत येते. म्हणून थंडी लागलेल्या माडाच्या अर्धवट हिरव्या झावळ्याही तोडू नयेत. उरलेला हिरवा भागच त्याला जगवतो. पोंगा हाताने हलका ओढून पाहावा. घट्ट असेल तर पावसाळ्यापर्यंत गप्प बसावे. सुटून हातात आला आणि बुडाशी कुजका वास असेल, तर कुजलेले कोरून काढून आत बोर्डो पेस्ट लावावी आणि पावसाचे पाणी आत जाणार नाही असे झाकावे. त्यानंतरही कधी कधी झाड वाचते.

थंडीचा घाला वाऱ्याच्या रात्री पडत नाही. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते, आणि जड झालेली गार हवा उतारावरून ओढ्याकडे, सखल जागेत येऊन साचते. आमची सुपारी नेमकी तिथेच होती. घराच्या दक्षिणेची भिंत दिवसा तापते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते. नाजूक झाड लावायचेच तर तिथे.

दुसरी गोष्ट पाचटाची. पाचटाचे आच्छादन उन्हाळ्यात सोन्यासारखे, याबद्दल आपल्यात दुमत नाही. पण कडाक्याच्या रात्री तेच आच्छादन जमिनीची ऊब खाली कोंडून ठेवते आणि झाडापर्यंत येऊ देत नाही. त्या दिवसांत आळ्यातले पाचट बाजूला ओढावे आणि संध्याकाळी विहिरीचे पाणी द्यावे. ओली उघडी माती रात्रभर ऊब देत राहते. काढलेल्या पाचटाची लहान रोपांभोवती खोपी करावी, तोंड आग्नेयेला ठेवावे म्हणजे सकाळचे ऊन आत शिरते. फेब्रुवारी सरला की पाचट परत आळ्यात. पावसाळा संपल्यावर युरिया देऊ नये, कोवळी वाढ थंडीला लवकर बळी पडते. पालाश मात्र जरूर द्यावे.

मग अंगणात लावावे तरी काय? ज्या झाडाची आपण कधी दखल घेतली नाही तेच: ओढ्याकाठची शिंदी. पंजाब-हरियाणाच्या मैदानात, जिथे हिवाळ्यात दव गोठते, तिथेही ती उभी असते. आपला मे महिनाही ती सोसते. दिवाळीत आपण जी केरसुणी लक्ष्मी म्हणून पुजतो ती शिंदीच्याच पानांची. तिला एक खोड आहे, पानाच्या बुडाशी सुईसारखे काटे. लहान मुले खेळतात तिथून जरा लांब लावावी. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, फळ हवे असेल तर दोन-चार रोपे लावणे बरे. तिची बहीण खजूरही थंडी चांगली सोसते, पण फळ पिकताना आपला पाऊस येतो, हे ध्यानात ठेवून हौस करावी. शोभेसाठी रोपवाटिकेत 'चायना पाम' म्हणून मिळणारा पंख्यासारख्या पानांचा ताडही आपल्याकडे टिकतो.

एका रोपवाटिकेत आम्हाला 'बर्फातसुद्धा जगतो' असे सांगून एक महागडा चिनी ताड दाखवला. बोलणे खोटे नव्हते. ट्रॅकिकार्पस नावाचा हा ताड खरोखर बर्फ सोसतो. त्याचा एक भाऊबंद कुमाऊँत, पिथोरागढजवळच्या थल केदारच्या डोंगरावर रानात वाढतो. पण ही सारी थंड डोंगरातली झाडे. एप्रिल-मेची आपली झळ त्यांना मानवत नाही, आणि ते मात्र कोणी सांगत नाही. आम्ही पैसे खिशात ठेवले.

शिंदी किंवा माडाखालची जागा रिकामी ठेवण्याचे कारण नाही. आमच्याकडे हळद आहे. जानेवारीत तिची पाने तशीही वाळतात, थंडीने नुकसान काहीच नाही. गवती चहा, मोरीच्या पाण्यावर अळू, आणि हिवाळ्यात मेथी, कोथिंबीर, लसूण. या तिघांना थंडीच हवी. कडेला शेवंती. खुरपणी मात्र वरवरची करावी, माडाची मुळे दोरीसारखी बारीक आणि वरच्या थरातच पसरलेली असतात. केळीला थंडी बाधते, घड पोग्यातच अडकतात. ती भिंतीच्या आडोशाला. पानवेल आणि मिरीचा नाद सोडलेला बरा. सासूबाईंना हे पटलेले नाही.

एक इशारा. कारखान्याची प्रेसमड आणून आपण खताचा ढीग घराजवळच लावतो. गेंड्या भुंगा अशाच ढिगात अंडी घालतो. त्याच्या अळ्या हुमणीसारख्याच, पण अंगाने मोठ्या. भुंगा माडाच्या पोंग्यात शिरला की पुढची झावळी कात्रीने कापल्यासारखी उघडते. ढीग माडापासून दूर असावा, दोन महिन्यांनी उलथावा, अळ्या कोंबड्यांना घालाव्यात. हुमणीसाठी आपण जे मेटारायझियम वापरतो तेच ढिगात मिसळले तर याही अळ्यांवर चालते. पोंग्यात भोक दिसले तर आकड्याच्या तारेने भुंगा ओढून काढावा.

वाचलेल्या माडाने २०२२ साली पहिले सात नारळ दिले. त्यांतला एक अलिबागला गेला. सासूबाईंनी तो फोडला नाही, कोंब येईपर्यंत वाळूत ठेवला आणि पुढच्या पावसाळ्यात परत पाठवला. तो दक्षिणेच्या भिंतीशी लावला आहे. फाटकाच्या दुसऱ्या बाजूला, पाडलेल्या माडाच्या जागी, आता शिंदी आहे.