गाठ वजनकाट्याशी आहे!

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावात कापसाचा विषय निघाला की वजनाचा निघतोच. शेतकरी कापूस विकतो क्विंटलनं, प्रेसमधून बाहेर पडते १७० किलोची गाठ आणि सरकी काढलेल्या रुईचा भाव बोलला जातो खंडीवर, म्हणजे ३५६ किलोंवर. एकाच बोंडाला तीन मापं!

त्या गाठीत निव्वळ रुई किती, ते विचारा. कापूस हवेतला ओलावा पितो. कोरड्या रुईच्या साडेआठ टक्के ओलावा व्यापारात रीतसर धरतात; म्हणजे गाठीमागे १३ किलोंच्या वर पाणीच! सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं मशीन कापसात खुपसलं की गाडीवाल्याचा जीव टांगणीला लागतो तो उगाच नाही. ८ टक्क्यांच्या वर कपात, १२ च्या वर माल परत.

आर्वीचा कापूस पुलगावला आणायला पूर्वी अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी होती. तिच्यात दोन गाठी जास्त कोंबल्या तरी काही जग बुडत नव्हतं. आता गाठी कंटेनरात बसून सुमारे सातशे किलोमीटरवरच्या न्हावा-शेवा बंदराला जातात. तिथून पुढे जग नाही, पण जहाज बुडू शकतं.

जड कंटेनर खाली, हलके वर, हा जहाजावरच्या रचणीचा साधा नियम. पण रचणी ठरवणारा माणूस एकही कंटेनर उघडत नाही. कागदावरच्या आकड्यावर भरवसा ठेवतो. नुसता रिकामा वीस फुटी डबाच सव्वादोन टनांच्या आसपास भरतो, तो धरायला विसरलात तर झालंच!

जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीतल्या वादळात ‘एमएससी नेपोली’ या कंटेनर जहाजाचं कवच तडकलं. नंतर तिच्या डेकवरचे सुमारे ६६० कंटेनर तोलले, तर १३७ मध्ये कागदावरच्या वजनापेक्षा ३ टनांहून जास्त तफावत. मुख्य दोष जहाजाच्या बांधणीचाच होता, पण खोट्या आकड्यांनी भर घातली. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या कंटेनरांतल्या बीएमडब्ल्यू मोटारसायकली मात्र लोकांनी ढकलत घरी नेल्या. त्यांचं वजन कुणी विचारलं नाही.

१ जुलै २०१६ पासून जगभर ‘व्हीजीएम’, म्हणजे पडताळलेलं एकूण वजन, सक्तीचं आहे. भरलेला कंटेनर काट्यावर चढवा, नाहीतर आतला माल तोलून त्यात डब्याचं वजन मिळवा. आत ठोकलेल्या लाकडी पाचरी आणि दोरखंडसुद्धा धरायचे. अंदाजपंचे चालत नाही आणि जबाबदारी माल पाठवणाऱ्याची, ट्रकवाल्याची नव्हे. आकडा नसेल तर कंटेनर जहाजावर चढत नाही. धक्क्यावर पडून राहतो, आणि चढत राहतं ते भाडं.